घरातलं नेटवर्क दिसत नाही

जानेफळ
गुरुवार, ९ जानेवारी

योगिनी,

हे पत्र मी दिवाळीपासून टाळतोय. आधी पेन सापडत नव्हता. पेन सापडला तर तुझा चेहरा आठवला अन् पेन परत ठेवला. मग म्हटलं संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्तानं लिहू. खरं सांगायचं तर आजही लिहिलं नसतं, काम पडलं म्हणून लिहितोय. फोन करावा तर तू मला ब्लॉक केलंय. दोस्ताच्या, शिवमच्या फोनवरून लावला, तर माझा एक शब्द ऐकून तू ठेवून दिलास, अन् आता शिवमही ब्लॉक आहे. तो विचारतो, "वहिनीचं मी काय बिघडवलं बे?" त्याला काय सांगू. पोस्टमनला तेवढं ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पाकीट.

काम असं आहे. आपल्या वायफायचं नाव काय?

बस, एवढंच. कागदावर लिही अन् पाठव. खाली शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

तू म्हणशील, घरच्या माणसाला घरच्या वायफायचं नाव माहीत नाही का? नाही माहीत. मी घरी असतो कधी, हे तुझंच वाक्य आहे. मी आलो की मोबाईलचा डाटा वापरतो अन् दोन दिवसांत पुन्हा कुठंतरी निघतो. आईचा फोन बटनांचा. वायफाय तुझ्या फोनला अन् तुझ्या कॉम्प्युटरला लागायचं. फोन तुझ्यासोबत तुझ्या माहेरी सुलतानपूरला गेला. राहिला कॉम्प्युटर, अन् त्याचं मी वाटोळं केलं.

ते कसं, ते सांगतो. तू जाताना म्हणाली होतीस, "एक काम धर अन् एका जागी बसून दाखव, मग येते." मला राग आला होता. मी हार्वेस्टरवर मध्यप्रदेशात गेलो ते काय मजा करायला? लोणारला सरोवर दाखवायचं काम केलं, तेही कामच होतं. बरं, ते जाऊ दे. तर काम धरलंय. पुण्याची कंपनी आहे. शेतकऱ्यांचे मदतीसाठी आलेले फोन रेकॉर्ड केलेले असतात, ते ऐकायचे अन् माणूस जसा बोलला तसाच्या तसा टाइप करायचा. त्यांच्याकडच्या पोरांना आपल्या भागातलं बोलणं कळत नाही. परीक्षा म्हणून एका म्हाताऱ्याचा आवाज ऐकवला, "फवारून फवारून हात दुखले, अळी काही मरून नाही राह्यली, आता कराव काय?" मी झटक्यात लिहून दिलं. कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, तुम्हाला एकदा ऐकून कळलं? म्हटलं मॅडम, हा तर आमचा शेजारी वाटते. पुण्यात मी 'का'च्या जागी 'काऊन' म्हटलं की रिक्षावाला हसायचा, अन् आता त्याच बोलण्याचं काम मिळालं.

पुढच्या सोमवारपासून, म्हणजे २० तारखेपासून, एक आठवडा पाहणार अन् मग पक्कं करणार. अट एवढीच की घरी बसून, कॉम्प्युटरवर, घरच्या नेटवर. मोबाईलचं नेट आपल्या घरात कसं चालते ते तुला माहीत आहे. गच्चीवर जाऊन एक हात वर केला तर चालते.

कॉम्प्युटर हळू चालत होता म्हणून शिवम म्हणाला, फॉरमॅट मारू. मारला. आता तो नव्या नवरीसारखा चकचकीत झाला, अन् नव्या नवरीसारखंच त्याला या घरातलं काहीच माहीत नाही. वायरनं जोडावा तर मागचं वायरचं भोक गेल्या जूनमध्ये वीज पडली तेव्हाच जळालंय. म्हणून वायफाय, अन् शिवम म्हणतो त्याला आधी नाव पाहिजे.

तर नाव पाठव. आई बरी आहे. तिला तुझ्याबद्दल विचारलं की ती चुलीतलं लाकूड आत सारते.

हर्षल


जानेफळ
रविवार, १२ जानेवारी

योगिनी,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो, कारण पोचलं असं धरलं तर मला अजून एक माठ फोडावा लागेल. एक फुटला आहे. राऊटर हलवताना कोपर लागला.

राऊटर काऊन हलवला? कारण कॉम्प्युटरला सगळं गाव दिसते, फक्त आपलं घर दिसत नाही. आधी तर वायफायचं चिन्हच गायब होतं. शिवमनं मेहकरवरून पेनड्राइव्हमध्ये काहीतरी आणून घातलं, मग मागं लावलेलं ते नखाएवढं यंत्र जागं झालं अन् समोर यादी आली. गुरुजींचं नेट दिसते. डेअरीचं दिसते. पतसंस्थेचं दिसते. 'पोलीस व्हॅन' नावाचं एक दिसते, ते टेलरच्या पोराचं आहे. आपलं नाही. राऊटर माळ्यावर, त्याचे हिरवे दिवे लुकलुकतात, जसा काही मला चिडवतोय. मी तो माळ्यावरून खिडकीत आणला. खिडकीतून गव्हाच्या कोठीवर ठेवला. कोठीवरून कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवला. वीतभर अंतर राहिलं, तरी याला तो दिसत नाही.

आई दारातून पाहून राह्यली होती. म्हणाली, "नारळ ठेव त्याच्यासमोर."

"आई, डोकं खाऊ नको."

"मंग हळद-कुंकू लाव."

शेवटी संघपालला बोलावलं, आपल्या गावात नेटच्या वायरी ओढणारा. त्यानं फोनवर काहीतरी पाहिलं अन् म्हणाला, "हर्षलभाऊ, राऊटर ठणठणीत आहे. त्याचं नाव लपवलं आहे फक्त. नाव टाइप केल्याबिगर तो तोंड दाखवत नाही."

"कोणी लपवलं?"

"वहिनीनं. माह्यासमोरच बसून केलं, पण नवं नाव मलेही पाहू देलं नाही."

मग त्यानं कारण सांगितलं, अन् तेव्हा मला तुझा असा राग आला की काय सांगू. म्हणे मी पासवर्ड साऱ्या गल्लीला वाटला होता. पोट्टे आपल्या ओट्यावर बसून गेम खेळायचे, आईच्या वाळवणात पाय द्यायचे. संघपाल तुला म्हणाला, पासवर्ड बदलून टाका. तर तू म्हणालीस, "बदलून काय उपयोग, हे नवाही सांगतील. नावच बदलून लपवते, अन् ते यांना कळायलाच नको." म्हणजे चोरापासून नाही, नवऱ्यापासून लपवलं. योगिनी, मी काय दवंडी आहे का? पोट्ट्यांनी विचारलं, मी सांगितलं. माणसानं माणसाला सांगू नये का?

म्हटलं संघपाल, त्या बारीक भोकात काडी घालून सगळं कोरं करून टाक.

"करता येते ना भाऊ. पण मंग कंपनीतून पुन्हा चालू करा लागते, अन् त्याचा ओटीपी वहिनीच्या नंबरवर जाते. कनेक्शन त्याईच्याच नावावर आहे."

"मग तू लाव तिला फोन."

"नाही बा. नवरा-बायकोच्या मधात मी पडत नाही. मागं एका घरी पडलो, तं दोघं एक झाले अन् माह्यंच कनेक्शन काढून टाकलं."

तो गेला. तेव्हापासून मी नावं टाकतोय. पासवर्ड मला पाठ आहे, तो तर गल्लीतल्या शेळीलाही पाठ आहे. पहिलं मी माझंच नाव टाकलं. हसू नको. मग तुझं. मग आडनाव. मग आईचं. मग आपल्या बैलांची, दोन्ही. मग गावाचं, तालुक्याचं, तुझ्या गावाचं. तुझ्या वडिलांचं वामनराव हेही टाकून पाहिलं, रावसहित अन् रावाशिवाय. कॉम्प्युटर दरवेळी थोडा वेळ गोल गोल फिरतो, मला वाटते आता लागलं, अन् मग म्हणतो जोडता येत नाही. त्या गोल फिरण्यानं माणसाला आशा लागते, तेच वाईट.

आज दिवसभर घरातून हललो नाही. शेव आणायलाही गेलो नाही. हे तुला पटणार नाही, पण असू दे.

नाव पाठव.

हर्षल


जानेफळ
शुक्रवार, १७ जानेवारी

योगिनी,

सोमवार डोक्यावर आला अन् मी अजून यादीतल्या 'पोलीस व्हॅन'कडे पाहत बसलोय. पण मधात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

संक्रांतीच्या दिवशी आईनं तीळ निवडायला आपल्या लग्नातलं ताट काढलं. तेच ताट, ज्यात तांदूळ पसरले होते अन् गुरुजी म्हणाले होते, अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहा. मी 'योगिनी' लिहिलं होतं. नाव मावशीनं सुचवलं होतं, मला कोणी विचारलंही नव्हतं, तुला तर नाहीच. मी ताटाकडे पाहिलं अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मयुरी! त्या दिवसापर्यंत तू मयुरी होतीस. त्यानंतर या घरात कोणी ते नाव घेतलं नाही. मीही नाही.

मी तीळ ओलांडून पळालो. टाइप केलं. पासवर्ड टाकला. ते गोल गोल फिरायला लागलं अन् मला अक्षरशः भरून आलं. वाटलं, लागलं की आधी तुला पत्र लिहीन अन् वर 'मयुरी' असं लिहीन, अन् तू ते वाचून रडशील.

नाही लागलं. मोठ्या अक्षरात टाकलं, लहान अक्षरात टाकलं, पुढं तुझं जन्मसाल लावून टाकलं. नाही म्हणजे नाही. एवढी चांगली गोष्ट सुचली, अन् तीही चूक. मी कीबोर्डवर डोकं ठेवून बसलो.

आईनं विचारलं, "काय टाकलं?"

"मयुरी."

"ते नाई."

मी डोकं वर केलं. "तुला माहीत आहे?"

"हाव."

"इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"

"तू इचारलं काय मले? शिवमले इचारलं, संघपालले इचारलं, पुण्याच्या बाईले फोन करू करू इचारलं. घरात मी बसली आहे, माह्याकडं पाह्यलं तरी काय? मी नारळ ठेव म्हणलं तं खेकसला."

"बरं, आता विचारतो."

"आता नाई सांगत. सूनबाईले शब्द देला आहे."

तू जाऊन अडीच महिने झाले, तुमच्या दोघींचं पटत नाही असं सारं गाव म्हणते, मीही तसंच समजतो, अन् इकडं माझी आई तुला दिलेला शब्द पाळून राह्यली आहे, पोटच्या पोराचं काम बुडत असताना. मी पाय आपटले. विनवण्या केल्या. शेवटी ती तीळ पाखडत म्हणाली, "तिनं मले इचारलं व्हतं, आत्याबाई, काय नाव ठेवू? म्या म्हणलं, ठेवतं तं माह्यं ठेव."

"रुखमा टाकून झालं. रुखमाबाईही टाकून झालं."

"रुखमा ह्या घरानं ठेवलं बाबू. मी काय रुखमा म्हणून जन्मली काय?"

योगिनी, तुला खोटं वाटेल, पण हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्या आईला आधी दुसरं नाव असेल हेच. आधार कार्डावर रुखमाबाई, रेशनवर रुखमाबाई. शाळेत ती गेली नाही, म्हणजे दाखलाही नाही. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, पण त्यांनाही आठवलं असतं की नाही कोण जाणे, ते तिला 'ऐकलं का' म्हणायचे. घरात बाहेरून आलेल्या दोनच बायका, अन् त्यातल्या एकीला दुसरीचं खरं नाव माहीत, मला नाही.

म्हटलं माहेरी विचारू. मामाला फोन लावला. मामाशी आपलं जाणं-येणं नाही, आजी वारली तेव्हापासून, पण नाव तर सांगेल.

"मामा, आईचं माहेरचं नाव काय होतं?"

मामानं आधी चालू ट्रॅक्टर बंद केला. मग, "काऊन? कोणता कागद करून राह्यला?"

"कागद नाही मामा. वायफायसाठी पाहिजे."

"हर्षल, मले शिकवू नको. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव चढवाचं असन तं तोंडावर येऊन बोल. वायफाय म्हणे."

"मामा, खरंच वायफाय."

"तुह्या बापानं कधी हिस्सा मांगला नाही अन् तू वायफाय लावून मांगून राह्यला?"

ठेवला फोन. पुन्हा लावला तर लागत नाही. मामानंही ब्लॉक केलं. आता माझ्या ओळखीत मला ब्लॉक न केलेली फक्त आई उरली आहे, अन् तिला ब्लॉक करता येत नाही कारण तिचा फोन बटनांचा आहे.

शिवम अन् सारी मंडळी हिवरा आश्रमाच्या उत्सवाला निघायच्या तयारीत आहेत. ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढायला पोरं लागतात. दरवर्षी मी जातो, तुला माहीत आहे, एक दिवसासाठी जातो अन् तिकडून पंधरा दिवस येत नाही. शिवम म्हणाला, "चल बे, काय बसला बायकोच्या खोक्यासमोर." मी म्हटलं सोमवारी सांगतो. सोमवारी हे लागलं नाही तर मी त्यांच्यामागं निघणार अन् पुढं कुठं ते मलाच माहीत नाही. धमकी नाही देत. जे होईल ते लिहितोय.

हर्षल


जानेफळ
मंगळवार, २१ जानेवारी

मयुरी,

लागलं.

तुझ्या मदतीनं नाही लागलं, हे आधीच सांगतो. तीन पत्रं, एकही उत्तर नाही. तुझ्या जागी मी असतो तर निदान 'मर' एवढं तरी लिहिलं असतं.

रविवारी सकाळी आईचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येते म्हणून तो कायम मोठ्यानं बोलतो, साऱ्या घराला ऐकू जाते. मामा होता. रागात. त्यानं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"कौतिके, भावाच्या वावरावर पोराले सोडलं काय तू?"

आईनं फोन कानापासून काढून मांडीवर ठेवला अन् त्याच्याकडे पाहत बसली. मामा तिकडून बोलतच होता, धुऱ्या-बांधाचं, विहिरीचं, मेलेल्या आजीचं. आई फोनला म्हणाली, "बाबू, पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हणू? वावर—"

"त्याच्या आधीचं."

बहुतेक मामालाही कळलं नाही ती काय मागून राह्यली. मग हळू आवाजात म्हणाला, "कौतिके."

"हाव," आई म्हणाली. जशी काही कोणी अंगणातून हाक मारली अन् ती आतून ओ देऊन राह्यली.

त्यावेळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो, असं लिहिलं तर बरं दिसलं असतं. नाही बसलो. कॉम्प्युटरकडे धावलो. दुसऱ्या खेपेला लागलं. ते गोल फिरणं थांबलं अन् चिन्ह पांढरं झालं, अन् मी ओरडलो तेव्हा आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. आत ते दोघं बहीण-भाऊ बराच वेळ बोलले. वावराचं नाही. कोणत्या तरी म्हशीचं, जी आजीच्या हातानंच दूध द्यायची.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "म्या काही सांगितलं नाई बरं. सूनबाईले लिहून टाक तसं." तर लिहितो. तिनं नाही सांगितलं.

मयुरी, मला एक गोष्ट सहन होत नाही. तू सासूला तिचं नाव विचारलंस, ते राऊटरमध्ये घातलंस, तुमच्यात एवढं होतं, अन् मला दोघींनी कळू दिलं नाही. मी घरी नव्हतो म्हणून? असेल. पण हे बोलायचं सोडून तू सुलतानपूरला जाऊन बसलीस, अन् इकडं मी बैलांची नावं टाइप करत होतो.

काल पहिला दिवस झाला. कानाला हेडफोन लावला की सारा जिल्हा डोक्यात बोलायला लागतो. एक आजीबाई विचारत होत्या, कोंबडीला सर्दी झाली तर वाफ देता येते काय. मी ती वाफ तशीच टाइप केली. दुपारी शिवमचा ट्रॅक्टर दारासमोर थांबला, हॉर्न वाजवून वाजवून गेला. मी उठलो होतो. खरं सांगतो, चप्पल घातली होती. पण एक माणूस मधात अडकला होता, त्याचा पंप बंद पडला अन् पाणी अर्ध्या वावरात, अन् फोन तिथंच संपत होता. पुढच्या रेकॉर्डमध्ये त्याचा पंप सुरू झाला की नाही ते पाहायचं होतं. म्हणून बसलो. तो पुढच्या रेकॉर्डमध्ये नव्हता. त्याच्यापुढच्यातही नव्हता.

इथपर्यंत लिहिलं अन् आईनं हाक मारली. बाहेर जाऊन आलो. आता घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

तुझी आई आली आहे.

तुझी आई, अन्नपूर्णाबाई, जी लग्नानंतर एकदाही या उंबऱ्यावर आली नाही. पोरीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी पीत नाही म्हणून जी मेहकरला बाजाराला येते अन् तशीच परत जाते. ती एकटी, एसटीनं, पाण्याची बाटली घरून भरून आली आहे. ओट्यावर बसली. पहिलं वाक्य, "जावईबापू, घरीच हाये काय?"

म्हटलं, "हाव."

"आजच हाये, की?"

"नाही आई, केव्हाचा घरीच आहे. पत्रात लिहिलं होतं ना सगळं."

त्यांनी पिशवीतून तीन पाकिटं काढली. माझीच. एकही फोडलेलं नाही.

"ती फोडत नाई. आलं की पोस्टाचा शिक्का पाहते, जानेफळ आहे का दुसरं गाव आहे, अन् तारीख पाहते. मंग ठेवून देते. काल तिसरं आलं तं म्हणे, आई, शिक्का काय, हे कोणाच्याही हातून जानेफळवरून टाकून घेतील. तू डोळ्यानं पाहून ये."

म्हणजे वायफायचं नाव तू वाचलंच नाहीस. मी विचारलेलं तुला माहीतच नाही. दोन आठवडे मी पोस्टाच्या पेटीशी बोलत होतो.

माझी आई पाणी घेऊन आली, तुझ्या आईनं हात जोडून नाही म्हटलं, दोघी हसल्या. मी आत आलो, कारण माझा जेवणाचा वेळ संपला अन् पुढची रेकॉर्ड आली आहेत. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. मले चारची बस आहे, तोवर बसते." त्यांनी आत येऊन खुर्ची ओढली अन् माझ्या मागे दोन हातांवर बसल्यात. मान वळवली नाही तरी कळते.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, त्यांच्याच हाती देतो. पाकिटावर शिक्का नसेल, तारीखही नसेल. तेव्हा हे तरी तुला फोडावं लागेल.

हर्षल